अध्यक्षांचं बीपी

लोकेशने जे केलं ते त्याच्या मते रीतसरच होतं. गोडदेवच्या विहारात कुणी भोजनदान दिलं, खुर्च्या दिल्या, की नाव माईकवर घ्यायचं, ही मंडळाची पद्धत. म्हणून बीपी तपासणीच्या पहिल्या रविवारी पंचशीलाने आत्मारामच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि सचिव लोकेशने माईक उचलला.

"आयुष्मान आत्माराम, वरचं एकशे साठ, खालचं शंभर."

आवाज दोन गल्ल्यांत गेला. रांगेतले लोक चपला शोधू लागले. आत्माराम वॉचमन होता. दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरने विचारलं, "नाइट ड्यूटी होगी ना तुमसे?"

तपासणी लोकांनी वस्तीतल्याच माणसांकडून करून घ्यावी, म्हणून ज्यांचा शब्द चालतो अशा दहाबाराजणांना आरोग्य केंद्रातल्या नर्स मानसीने महिनाभर शिकवलं होतं. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले हवेत, पट्टा बाहीवर नको, दंड हृदयाच्या उंचीला. आकडा ज्याचा त्यालाच सांगायचा, हेही शिकवलं होतं. नेमका तेव्हा लोकेश खुर्च्या आणायला गेला होता.

पंचशीला या वर्गात आली ती सासऱ्यांसाठी. सहादेव मंडळाचे अध्यक्ष. सकाळी उठताना भिंत धरायचे, मान दाबत बसायचे. त्यांच्या थोरल्या भावाची एक बाजू अशीच एका सकाळी गेली आणि तो कायमचा अंथरुणाला खिळला. कितीदा म्हणाली तरी सहादेव हात पुढे करत नव्हते. आता तर त्यांना कारणच मिळालं. माझा आकडा सगळ्या गोडदेवला ऐकवायचा का, असं त्यांनी जेवताना विचारलं आणि विषय संपवला.

पंचशीलाने वाचनालयाच्या कोपऱ्याला पडदा लावला. मशीनचं तोंड बसणाऱ्याकडे फिरवलं. लोकेश आत्मारामच्या सुपरवायझरला भेटला, मग घरोघर माफी मागत फिरला. बबनने त्याला चहा दिला आणि वर म्हणाला, "आता माझं वजनपण सांग की माईकवर."

पुढच्या रविवारी वंदना संपली. पडदा तयार, मशीन तयार. पण कुणी उठेना. लोक घरीही जाईनात. पंचशीलाला हे कोडं पडलं. घाबरले असते तर निघून गेले असते. मग तिने पाहिलं, सगळ्यांची नजर पहिल्या ओळीत बसलेल्या सहादेवांवर होती. वंदनेलाही त्यांनी मेणबत्ती लावल्याशिवाय इथे कुणी पुढे होत नसे.

ती त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "मामा, तुम्ही पुढे झाल्याशिवाय इथं कुणी उठत नाही. आजही तसंच बसलेत सगळे."

सहादेवांनी मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठले आणि पडद्याआड गेले.

पंचशीलाने त्यांना आधी पाच मिनिटं बसवून ठेवलं. पट्टा फुगला, सैल झाला. थोडं थांबून पंचशीलाने पुन्हा मोजलं. आकडा तोच. सहादेव त्याच्याकडे बघत राहिले.

"भाऊचं असंच असेल?"

"कुणी मोजलंच नव्हतं, मामा. म्हणून तर राहून गेलं."

"आणि माझं?"

"तुमचं कळलंय. उद्या डॉक्टरांना दाखवायचं. गोळी सुरू झाली की रोज घ्यायची, विसरायची नाही."

ते बाहेर आले आणि लोकेशकडे माईक मागितला. लोकेशने तो दोन्ही हात मागे नेऊन लपवला. सहादेवांनी तळवा पुढेच ठेवला.

"माझं वरचं एकशे बहात्तर, खालचं एकशे चार," त्यांचा आवाज दोन गल्ल्यांत गेला. "उद्या सकाळी मी आरोग्य केंद्रात जातोय. ज्याला यायचंय त्यानं चला. माझा आकडा मी सांगितला. तुमचा तुमच्यापाशी ठेवा."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माईक बंद केला.

आत्माराम म्हणाला, उद्या मीही येतो. बबन बाही वर करत पडद्याकडे निघाला. त्याच्यामागे बायका उठल्या, मग अंगणात रेंगाळणारे पुरुष आत आले. रांग दाराबाहेर गेली. लोकेशला करायला काही उरलं नव्हतं, तो पडदा धरून उभा राहिला आणि येणाऱ्याला आधी पाच मिनिटं बसायला सांगू लागला.

दुपारी मशीनचे सेल संपले. रांग हलली नाही. लोकेश नाक्यावर पळाला.