माणूस बरा आहे

"साहेब, हे काय टमाट्याचं दुकान वाटलं का तुम्हाला? भाव होणार नाही. आणि दिसायला कशी, दिसायला कशी, हे तिसऱ्यांदा विचारताय. गाय बघायला निघालात का?"

पलीकडचा माणूस काहीतरी चरफडला. बोसिबोरीनं शांतपणे फोन बंद केला आणि वहीत त्याच्या नंबरावर फुली मारली.

"गेला?" आरशासमोर विग नीट बसवत मुएनीनं विचारलं.

"घालवला. ज्याला फोनवर अदब नाही, त्याला बंद दाराआड कुठून येणार?"

"मावशी, तू अशीच हाकलत राहिलीस ना, तर गाथोनी मॅडम आपल्याला मका भाजायला बसवेल रस्त्यावर."

"बसू की. मका निदान हात तरी पिरगाळत नाही."

नैरोबीच्या किलिमानी भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारावर 'टूर्स अँड बुकिंग' अशी पाटी होती. टूर कधी कुठली निघाली नाही, बुकिंग मात्र दिवसभर चाले. साहेबलोकांच्या सोबतीला बायका पाठवणारी ती एजन्सी. मालकीण गाथोनी मॅडम, बायका सहा, सगळ्या पंचविशीच्या पुढच्या, आणि फोनवर बोसिबोरी. बावन्न वर्षांची, जाडजूड, गुडघे कुरकुरणारी, पण आवाज असा की ऐकणाऱ्यानं आपसूक सरळ बसावं. नाकुरूच्या एका हॉस्पिटलात एकोणीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती ती. मग 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारं मशीन आलं आणि बाई घरी बसली. नैरोबीत आल्यावर कावांग्वारे वस्तीतल्या शेजारणींना आणि चर्चमधल्या बायकांना तिनं ट्रॅव्हल ऑफिसात लागले म्हणून सांगितलं होतं. मुलीलाही तेच.

हा धंदा बाहेरून बेबंद दिसतो, पण आत नियमांचा काच असतो. गिऱ्हाइकानं पिऊन बोलवायचं नाही. बाईचं खरं नाव, गाव विचारायचं नाही. ती नाही म्हणाली की नाही. आणि बायकांच्या बाजूनं एकच मोठा नियम, गिऱ्हाइकाचं नाव कुठे घ्यायचं नाही. तो उद्या बाजारात दिसो, नाहीतर बिशपच्या शेजारी बसलेला दिसो, ओळख दाखवायची नाही. फोनवर सगळे डेव्हिड नाहीतर मायकेल असतात, पण आगाऊ रक्कम मोबाइलवर आली की पाठवणाऱ्याचं खरं, तीन शब्दांचं नाव स्क्रीनवर उमटतंच. ते वाचायचं आणि विसरायचं, असा मॅडमचा दंडक होता.

"आजचा नवा आहे ना?" मुएनीनं पर्स खांद्याला लावली. अठ्ठावीस वर्षांची होती, पण नव्या माणसाकडे जाताना तिचा चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा व्हायचा. "भीती वाटतेच गं मावशी. तीन वर्षं झाली तरी वाटते."

"डेव्हिड म्हणवतो. इंजिनियर आहे. अवूरच्या एजन्सीकडे जायचा आधी. सकाळी विचारलंय मी तिला. माणूस बरा आहे."

"तू म्हणतेस ना? मग झालं."

मुएनी गेली. खाली ओमोंडीकाका टॅक्सी घेऊन उभे होते. दोन वाजून वीस मिनिटांनी तिचा फोन आला. पोहोचले, सातवा मजला, फ्लॅट ब, दार उघडतोय. मागे एका पुरुषाचा मऊ आवाज ऐकू आला, "या, या." पंधरा मिनिटांनी बोसिबोरीनं उलटा फोन करायचा, हा रिवाज होता. तोवर तिनं डबा उघडला. मका-राजम्याचं गिठेरी सकाळचं गार झालं होतं. दोन घास खाल्ले आणि तिसरा घास तोंडातच फिरत राहिला.

अवूर सकाळी काय म्हणाली होती?

अवूर म्हणजे वेस्टलँड्सच्या एजन्सीची फोनवाली. चार वर्षांची मैत्री, पण तोंड कधी पाहिलं नव्हतं एकमेकींचं, सगळं फोनवर. नवं गिऱ्हाईक आलं की आधीच्या एजन्सीच्या फोनवालीला विचारायचं, ही या धंद्यातली खरी कुंडली. आणि अवूर तर बोलायला लागली की थांबायची नाही. "तो ना, बूट दाराबाहेर काढतो. बायको वारली त्याची, तासभर तिच्याच गोष्टी सांगतो, आमच्या पोरी कंटाळून पेंगतात," असं कुठल्याही गिऱ्हाइकाचं सगळं रामायण सांगायची. आज सकाळी मात्र ती तीन वाक्यांत संपली होती. "वेळ पाळतो. पैसे आधी पाठवतो. कटकट नाही." बोसिबोरीच्या दुसऱ्या कानाशी दुसरा फोन वाजत होता. तिनं वहीत 'बरा' असं लिहिलं आणि पुढच्याला हॅलो म्हटलं.

वेळ पाळतो. पैसे आधी पाठवतो. कटकट नाही.

हे शब्द अवूरचे नव्हतेच, तिचे स्वतःचे होते. गेल्या वर्षी ऑगस्टात अवूरनं असंच दुसऱ्या एका माणसाबद्दल विचारलं होतं. त्या माणसानं इथल्या एकीच्या मनगटावर सिगारेट विझवली होती. बोसिबोरीनं तिच्या हाताला स्वतः मलम लावलं होतं. पण फोन आला तेव्हा गाथोनी मॅडम समोरच्या खुर्चीत बसली होती, आणि तिनं डोळे वटारले होते. गिऱ्हाइकाची बदनामी नको, तो मोठ्या ओळखीचा आहे. मग बोसिबोरी एवढंच बोलली होती, हीच तीन वाक्यं, याच क्रमानं. त्या माणसाच्या वागण्याबद्दल एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी कानावर आलं की अवूरच्या एजन्सीतल्या एका मुलीचा त्यानं जबडा मोडला. अवूर त्याबद्दल कधी बोलली नाही आणि बोसिबोरीनं विचारलं नाही. दोघी गुडघेदुखीवर आणि टमाट्याच्या भावावर बोलत राहिल्या.

तिनं अवूरला फोन लावला.

"अवूर, एकटी आहेस?"

"आत्ता आहे."

"सकाळचा तो डेव्हिड..."

अवूर हळूच म्हणाली, "बोसी, तुमच्याकडची मुलगी आत गेली?"

"गेली."

"अरे देवा. अगं बये, पाठवलीस कशी? सकाळी आमची मॅडम माझ्या शेजारीच बसली होती गं. मला उघड काही बोलताच येईना. म्हणून मी तुझेच शब्द बोलले, जसेच्या तसे. म्हटलं, दुसऱ्या कुणाला नाही, पण हिला तर कळेल. तुला नाही कळायचं तर कुणाला कळायचं?"

"काय करतो तो?"

"गळा धरतो. हसत हसत. आमची एक तर गेलीच होती."

बोसिबोरीनं पुढचं ऐकलं नाही. मुएनीचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. कधी बंद नसायचा तो. बंद ठेवायचा नाही हा तर पहिला नियम होता. दोन वाजून एकतीस मिनिटं झाली होती. तिनं ओमोंडीकाकांना फोन केला.

"काका, वर जा. आत्ता. पळा."

"वॉचमन सोडत नाहीये बाई. म्हणतो, ज्याचा फ्लॅट आहे त्यानं सांगितल्याशिवाय नाही. काय झालं?"

"भांडा त्याच्याशी. आरडाओरडा करा. तिथून हलू नका."

मग मॅडम. मॅडम ब्यूटी पार्लरमध्ये होती, मागे ड्रायरचा घरघर आवाज येत होता.

"बोसिबोरी, घाबरट आहेस तू. चार्जिंग संपलं असेल."

"मॅडम, गळा धरणारा माणूस आहे तो. पोलिसांना..."

"पोलीस? वेड लागलंय? आधी कुणाला धरतील, सांग बरं? मुएनीला धरतील, मग तुला, मग मला. आणि हे बघ, तो साधासुधा नाही. पंधरा मिनिटं थांब, मग पुन्हा फोन कर. आणि नाव घेऊ नकोस कुठे. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," बोसिबोरी म्हणाली.

तिनं ऐकलं होतं, खरंच. चार वर्षं ऐकतच होती. पंधरा मिनिटांत काय काय होतं हे हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसून तिनं एकोणीस वर्षं पाहिलं होतं. माणूस बोलत असतो, आणि पुढच्या फोनला नसतो. ही नोकरी गेली की खोलीचं भाडं कुठून आणायचं, हाही विचार तेवढ्यात डोक्यात येऊन गेला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं मोबाइल उघडला, सकाळी आलेल्या रकमेचा मेसेज शोधला. खाली तीन शब्दांचं नाव होतं. मग तिनं त्याच नंबरवर फोन लावला.

पाचव्या रिंगला त्यानं उचलला. मऊ, सुसंस्कृत आवाज होता. "हॅलो?"

बोसिबोरीचा आवाज हलला नाही. हॉस्पिटलातला आवाज तो, मरणाची बातमीसुद्धा न हलता सांगणारा.

"नमस्कार. एलियास मुरिथी किर्वा का?"

त्याचा श्वास अडकल्याचं तिला स्पष्ट ऐकू आलं.

"राँग नंबर."

"नाही साहेब, नंबर बरोबर आहे. एलियास मुरिथी किर्वा, सातवा मजला, फ्लॅट ब. माझी बाई तुमच्याकडे आहे. तिला फोन द्या."

"ती बाथरूममध्ये आहे. हे बघा, तुमच्या मॅडमला हे आवडेल का? असं नाव घेतात का? काही रीत आहे की नाही तुमच्या धंद्यात?"

"रीत होती साहेब. ती मी आत्ता मोडली. खाली गेटवर माझा माणूस उभा आहे. पाच मिनिटांत ती स्वतःच्या पायांनी खाली आली नाही, तर तो तुमच्या बिल्डिंगच्या दारात उभा राहून तुमचं पूर्ण नाव ओरडेल. वॉचमन ऐकेल, शेजारी ऐकतील. आणि मी एकेका घराला फोन लावीन. मला दुसरं येतंच काय? आयुष्यभर फोनच लावलेत."

"तुला माहिती नाही मी कोण आहे ते."

"माहिती आहे ना. आत्ताच वाचलं."

फोन कट झाला.

ती पाच मिनिटं बोसिबोरीनं कशी काढली, तिचं तिला ठाऊक. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. तो तिला सोडील की चिडून आणखी...? आपण आगीत तेल तर नाही ओतलं? बाकीचे फोन वाजत होते, तिनं एकही उचलला नाही. देवाचं नाव घ्यायला गेली तर तेही धड आठवेना. शेवटी तिनं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला आणि घड्याळाकडे बघत राहिली.

ओमोंडीकाकांचा फोन आला.

"आली बाई, आली."

"चालतेय?"

"चालतेय. विग नाहीये डोक्यावर. एक चप्पल आहे. गळा धरून चालतेय. देतो, थांबा."

मुएनीचा आवाज तिला आधी ओळखूच आला नाही. घोगरा, फाटलेला.

"मावशी. तू म्हणाली होतीस, माणूस बरा आहे."

बोसिबोरीला वाटलं, सांगावं, मला काय माहीत, अवूरनं सांगितलं, मॅडमनं सांगितलं. सगळं खरंच होतं ते.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "चूक माझी झाली बाळ. मला कळायला हवं होतं आणि मला कळलं नाही."

रडायलाही मुएनीला घसा उरला नव्हता.

साडेतीनला मॅडम आली, अर्धे केस विंचरलेले, अर्धे तसेच. ती ओरडली नाही. "त्याचा फोन आला मला. बोसिबोरी, या धंद्यात आपल्याजवळ विकायला गुपितच असतं गं. बाकी सगळं कुठेही मिळतं. उद्या कोण फोन करील इथे?" तिनं टेबलावरचे तिन्ही फोन आणि वही उचलून पर्समध्ये टाकली. "जा तू. माझ्याही पोटात भीती आहे, तुला वाटतं तशी मी दगड नाही. पण जा."

बोसिबोरीनं डबा उचलला आणि जिना उतरली. न्गोंग रोडच्या बसथांब्यावर बाकड्यावर बसून तिनं आपल्या स्वतःच्या फोनवरून अवूरला फोन लावला.

"आली गं बाहेर. डॉक्टरकडे नेलीय ओमोंडीकाकांनी."

अवूरनं मोठ्यानं श्वास सोडला.

"अवूर, त्या तुझ्या मुलीचं नाव काय? जबडा मोडला ती."

"वर्ष झालं बोसी. आज विचारतेस?"

"आज विचारते."

"अपियो. गावी गेली, सिआयाकडे. आता नीट बोलता येत नाही तिला. फोन उचलते, पण बोलत नाही, नुसती ऐकते. कशाला छळतेस तिला?"

"छळत नाही. नंबर दे."

अवूरनं बऱ्याच वेळानं नंबर दिला. रिंग खूप वाजली. बोसिबोरीला वाटलं, नाही उचललं तर बरं. मग कुणीतरी उचलला. हॅलो आलं नाही, लांब कुठेतरी कोंबडी ओरडत होती आणि जवळ कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

"अपियो, मी बोसिबोरी न्यामवेया बोलतेय," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा फोनवर तिचा आवाज फुटला. "तू मला ओळखत नाहीस. गेल्या ऑगस्टात तो माणूस बरा आहे म्हणून ज्या बाईनं सांगितलं, ती मी. मला माहीत होतं तो बरा नाही ते. माहीत असून सांगितलं नाही."

समोरून एकामागून एक तीन बसगाड्या गेल्या. कंडक्टर हात हलवून बोलवत होते. ती उठली नाही. फोन कानाला घट्ट धरून बसली होती. पलीकडून शब्द आला नाही, पण श्वास येत होता. फोन कुणीच ठेवला नाही.