सपाट बुडाची जहाजं

आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या दोन खोल्यांत नऊ जहाजं बांधून ठेवली होती. कपाटावर दोन, टीव्हीवर एक, बाकीची पलंगाखाली. धूळ मी पुसायची. शिडाच्या काड्या केरसुणीच्या, दोर म्हणजे मुदत संपलेला टाके घालायचा रेशमी धागा, आणि लाकूड फर्निचरवाल्याकडचं सागवानाचं उरलंसुरलं. नोकरी सेवाग्रामच्या दवाखान्यात, रेकॉर्ड रूममध्ये. पेशंटच्या फायली शोधून द्यायच्या आणि परत जागेवर ठेवायच्या. सतरा वर्षं झाली होती. माझे सासरे डोमाजी लोकांच्या वावरात राबले, त्यामुळे घराण्यातली ही पहिली पगाराची नोकरी. सासूबाई अनुसयाबाई अजूनही नव्या माणसाला स्वतःचं नाव सांगायच्या आधी मुलाची नोकरी सांगायच्या.

हौस होती तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. लोकांचे नवरे पत्ते खेळतात, दारू पितात. आमचे काड्या चिकटवतात, चिकटवू देत.

मग २००३ च्या उन्हाळ्यात नागपूरचे पेडणेकर साहेब आले. बायकोच्या उपचारासाठी ते महिनाभर दवाखान्याच्या खेपा घालत होते. जन्म जहाजावर इंजिनिअर म्हणून गेलेला माणूस. रेकॉर्ड रूमच्या टेबलावर ह्यांचं छोटं जहाज दिसलं आणि ते तिथेच थबकले. आपल्या जुन्या सोबत्यांच्या मेळाव्यात भेट द्यायला त्यांनी चार जहाजं सांगितली. मालवाहू, हातभर लांब, स्टँडवर ठेवता येतील अशी. आवडली तर आपल्या जहाज कंपनीचं दरवर्षीचं काम मिळवून देतो, म्हणाले. त्यांनी दिलेल्या फोटोत जहाज भर समुद्रात होतं.

त्या दिवशी हे घरी आले ते चपला न काढताच आत.

"हे चार पसंत पडले का नोकरी सोडतो," म्हणाले.

"सोडता? अन् खाचं काय? जहाजाच्या काड्या?"

"दोन्ही होत नाई दीपमाला. एक जहाज कराले महिना लागते. दिवसभर बसलो तं आठ दिवसांत होते."

हिशेब बरोबर होता, म्हणूनच मला धडकी भरली. माणूस चूक बोलत असला तर त्याला गप्प करता येतं. पुढे आमच्या लेकीची, आचलची बारावी होती, सासूबाईंच्या छातीचं दुखणं दवाखान्याच्या सवलतीवर चाललं होतं. मी म्हटलं, निदान साहेबांनी माल पाहून पसंत करेपर्यंत थांबा. त्यांनी कबूल केलं. पण राजीनामा लिहून पाकिटात घातला आणि बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवला. रोज सकाळी फोटोला हात जोडताना माझी नजर त्या पाकिटाच्या पांढऱ्या कोपऱ्यावर जायची. जेवणावरची वासनाच उडाली.

सप्टेंबरात माझी बहीण कमला हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, म्हणून मी आठ दिवस विशाखापट्टणमला गेले. तिचा नवरा तिथे जहाजाच्या कारखान्यात फिटर. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात, तसं त्याने मलाही नेलं.

तिथे पाणी उपसलेल्या एका प्रचंड खड्ड्यात जहाज लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं. आपण फोटोत पाहतो ते जहाज माझ्या डोक्यावर, कुठल्या कुठे वर होतं. त्याच्याखाली तेवढंच मोठं पोट. लाल रंगाचं, गोलसर, पुढे निमुळतं होत गेलेलं. मागे माणसापेक्षा उंच पात्यांचा पंखा आणि त्याच्या मागे दारासारखं सुकाणू. लोक प्रसाद घेत होते. माझा प्रसाद हातातच राहिला.

कारण घरची नऊच्या नऊ जहाजं बुडाशी सपाट होती, पाटासारखी. ह्यांनी फोटो पाहिले ते सगळे पाण्यातले. पाण्याखाली काय असेल याचा विचार केला तो पवनारला धाम नदीत पाहिलेल्या डोंग्यावरून, तिथल्या लहान होडीवरून. डोंग्याचं बूड सपाट असतं. आमच्या वर्ध्यात याहून वेगळं सांगणार कोण?

परतीच्या गाडीत मी रात्रभर जागी होते. पेडणेकरांची जहाजंही तशीच सपाट होणार. जन्म जहाजावर काढलेला माणूस ती हातात घेताक्षणी परत करील. मग पाकीट फोटोमागेच राहील. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

दारात पाय ठेवला नाही तोच हे पुढे आले. बॅग हातातून घेतली, ती खाली ठेवायचंही भान नाही.

"पाह्यलं? जहाज पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"कसं हाये? सांग ना! माह्यं काही चुकून राह्यलं का?"

लहान लेकरासारखे डोळे केले होते हो! मी पदराने तोंड पुसलं.

"हुबेहूब," मी म्हटलं. "तुमच्यासारखंच हाये."

इतक्या वर्षांत मी ह्यांच्या जहाजांना बरं म्हटलेलं ते पहिल्यांदा. त्या दिवशी ह्यांनी स्वतः चहा केला, सासूबाईंना दिला, मला दिला, आणि परत कामाला बसले.

पुढचे तीन आठवडे माझे मलाच माहीत. हे पॉलिश पेपरने ती सपाट बुडं घासायचे. ह्यांच्या मते बूड तर कोणाला दिसणारही नव्हतं, तरी घासायचे. दोनदा मी सांगायला उठले. एकदा भाजी करपली म्हणून परतले, खरं तर करपली नव्हती. दुसऱ्यांदा फोटोमागचा पांढरा कोपरा दिसला आणि परत खाली बसले. स्वतःला समजवायची, चार दिवस वाईट वाटेल, पण नोकरी तर राहील. सासूबाई एकदा म्हणाल्या, "काऊन वं, जेवत नाईस? काई दुखते का?" माझं दुखणं त्यांच्याच मुलाच्या हाताखाली गुळगुळीत होत होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी पेडणेकर साहेब आले. चारही जहाजं पलंगावर मांडली होती, खाली माझी लग्नातली चादर. साहेबांनी चष्मा लावला, रेलिंग पाहिलं, क्रेन पाहिल्या, शिडीच्या पायऱ्या मोजल्या. "वा मेश्राम, काय हात आहे!" म्हणाले. मग एक जहाज उचललं आणि उलटं केलं.

सपाट बुडावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"मेश्राम, हे खालचं कुठे आहे?"

"खालचं?"

"अहो, अर्धं जहाज पाण्याखाली असतं. हे तर तुम्ही पाण्याच्या रेषेवर कापून टाकलंय. काचेच्या पेटीत, स्टँडवर ठेवायचं आहे ते. आमच्या लोकांनी या बुडातल्या इंजिनापाशी आयुष्य काढलंय, हसतील हो." हळूच खाली ठेवलं. माणूस चांगला होता. "महिना आहे अजून. जमलं तर करा. मी पाहूनच काय ते सांगेन."

ते गेले. हे पलंगाच्या कडेला बसले, उलटं जहाज मांडीवर. मला हवं होतं तेच झालं होतं.  उगाच मोठ्या आवाजात म्हटलं, "जाऊ द्या. नोकरी तं हाये ना."

"नाई," हे म्हणाले. "राजीनामा काल देल्ला."

मी फोटोकडे पाहिलं. पांढरा कोपरा नव्हता. सकाळी पाहुण्यांच्या गडबडीत हात जोडायचेच राहिले होते.

"काऊन देल्ला? साहेब येईपर्यंत थांबाचं ठरलं होतं ना आपलं!"

"तू म्हणली ना हुबेहूब हाये. डोयानं पाहून आलती तू. मंग साहेबाची वाट काऊन पाहाची?"

त्यांनी नोकरी सोडली होती ती माझ्या शब्दावर. जो शब्द मी ती टिकावी म्हणून दिला होता! आतल्या खोलीत आचल पाठांतर करत होती, सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच मी सगळं सांगितलं. खड्डा, लाल पोट, पंखा, गाडीतली रात्र. सांगताना रडले नाही, रडायचा हक्क नव्हता. वाटलं, आता हे ओरडतील, जहाज भिंतीवर आपटतील. आपटलं असतं तर बरं झालं असतं. हे उठले, चारही जहाजं एकेक करून पलंगाखाली ठेवली, माझ्या चादरीची घडी घातली आणि बाहेर निघून गेले.

सोमवारी सकाळी मी कणिक मळत होते. महिनाभराची नोटीस होती, ड्युटीवर जायचंच होतं. हे कपडे करून स्वयंपाकात आले.  ओट्यावर माझ्यासमोर एक जहाज उलटं ठेवलं.

"दाखव," म्हणाले. "कसं राह्यते ते."

मी परातीतली कणिक उचलली आणि त्या सपाट बुडावर थापली.  मध्ये फुगवली, पुढे निमुळती केली, मागे पंख्यासाठी कापून घेतली. आठवत होतं तितकं सगळं केलं. कमी पडली तेव्हा पोळ्यांची उरलेली कणिकही लावली. सासूबाई म्हणाल्या, आज डब्यात काय देशील? 

हे वाकून चारही बाजूंनी पाहत होते. खिशातून पेन काढून कागदावर रेघ मारली, कणकेवर बोट ठेवून खोली मोजली.

"एवढं खोल?"

"याहून जास्त."

"बरं."

कागदाची घडी करून खिशात घातली, डब्याशिवायच निघाले आणि दारात थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही.

"कमलाच्या घरचा फोन नंबर देजो," म्हणाले. "साडभाऊले एकदा विचारून घेतो."

मी कणकेचे हात पुसले आणि नंबर लिहून दिला.