माझं बाळसं पाहून खिडकी उघडू नका

मी पिवळा ठिपका बोलतोय. बसथांब्यासमोरच्या झाडाच्या खोडावर माझा मुक्काम असतो. लोक आम्हाला दगडफूल म्हणतात. मला मूळ नाही, पान नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून मांडलेला संसार म्हणजे मी. बुरशी घर सांभाळते, शेवाळ उन्हावर रांधतं. झाडाचं आम्ही काही खात नाही. पोटात जातं ते हवेतून आणि पावसातून, त्यामुळे हवेत जे असेल ते मुकाट गिळावं लागतं.

मी एवढासा होतो तेव्हा या खोडावर आमची मोठी मंडळी होती. करड्या, लोंबत्या दाढ्यांची. मग समोर बसथांबा झाला. उभ्या बसगाड्यांची इंजिनंही चालूच असायची. त्या दाढ्या आखडल्या, काळवंडल्या आणि एकेक करत गळून पडल्या. मला मात्र तो धूर मानवला. मी बाळसं धरलं. सांगायला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

झाडाला लागून तळमजल्याचं घर आहे. तिथे यंदा एक जोडपं तान्ह्या मुलीला घेऊन राहायला आलं. मला पाहून बाबाचा चेहरा उजळला.

“अगं, हे बघ दगडफूल! मासिकात वाचलंय मी, शुद्ध हवेतच येतं हे.”

“बरं, मग?”

“मग काय? पाळणा या खिडकीशी! निसर्गानं सर्टिफिकेट दिलंय आपल्याला.”

माझा जीव टांगणीला लागला. पाळणा आला. खिडकी सताड उघडली गेली. बस थांबायची, धूर माझ्यावरून घसरत खिडकीत शिरायचा आणि आत ती चिमुकली खोकायची. बाबा येता-जाता मला कौतुकानं न्याहाळायचा. इतका प्रेमळ माणूस, आणि मला त्याचीच भीती वाटू लागली.

“नवी जागा आहे, होईल सवय,” तो म्हणायचा.

“खोकल्याची सवय लावायचीय का पोरीला?” आई म्हणायची.

एके दिवशी ती घरामागच्या अंगणात दुपटी वाळत घालून आली ती तडक माझ्यापाशीच. नाक लावून मला पाहिलं.

“अहो, मागच्या झाडावर करड्या दाढ्या लोंबताहेत. इथे नुसतेच पिवळे डाग. तुमच्या मासिकात कोणतं होतं?”

“फोटोत... दाढीच होती वाटतं.”

“वाटतं? पुढचं पान वाचलंत का?”

“न्हावी म्हणाला, मान खाली घाला. मग राहिलंच.”

“धन्य आहे! पोरीचा पाळणा कुठे ठेवायचा ते अर्ध्या हजामतीत ठरवलंत!”

बाबा खाली मान घालून न्हाव्याकडे गेला आणि मासिक मागून आणलं. खिडकीतच उभं राहून त्यानं पुढचं पान वाचलं. दाढीवाल्यांना स्वच्छ हवा लागते, पिवळे ठिपके मात्र गाड्यांच्या धुरातही फोफावतात. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. मग त्यानं मासिक मिटलं. पाळणा उचलून मागच्या खोलीत नेला आणि ही खिडकी घट्ट लावून घेतली. माझ्या तोंडावर. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं.

आता मागून पोरीचं हसू ऐकू येतं, खोकला क्वचित. पण माझी काळजी मिटलेली नाही. बसगाड्या वाढल्यात. परवा वारा सुटला तेव्हा माझ्या अंगाची धूळ उडून मागच्या अंगणाकडे गेली. त्या धुळीत माझी पोरंबाळं असतात. कुठल्याही आईबापाला वाटतं, आपलं लेकरू रुजावं, वाढावं. मला वाटतं, तिथे माझं एकही रुजू नये.

आणि रुजलंच, त्या करड्या दाढ्यांशेजारी पिवळा ठिपका दिसलाच, तर बाबा, त्याचं कौतुक करत बसू नका. आधी पाळणा उचला.