लाल दोऱ्याची बाटली

काकूंच्या फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी, औषधाच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या उभ्या असत. गुरांच्या न्यूमोनियावरच्या. वासरू खोकायला लागलं की काकू सुई टोचत आणि त्याने वैरणीला तोंड लावलं की सुई बंद. उरलेलं पुढच्यासाठी! उघडलेली बाटली ओळखू यावी म्हणून तिच्या गळ्याला त्या लाल दोरा बांधत. शेजारीपाजारी मीठ मागावं तशी बाटली मागायला येत, आणि काकू हसत हसत देत. लोक त्यांना थट्टेने डॉक्टरीणबाई म्हणत. काकूंना ते मनापासून आवडे. त्यांना नावं ठेवण्याआधी आपण आपापली कपाटं उघडून पाहावीत. उरलेल्या गोळ्या कुणाकडे नाहीत?

एकदा सुनेची कालवड आजारी पडली. कालवडीची आई व्याल्याबरोबर गेली, तेव्हा सुनेनेच तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. तिने सुनेच्या बाह्या चघळून चघळून विरवून टाकल्या होत्या. आता तिच्या नाकातून पू येत होता आणि मान लांब करून ती धापा टाकत होती.

"आई, जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलवू या ना."

"मी काय मेले का? माझ्या हाताला गुण आहे."

काकूंनी सुई दिली. ताप उतरेना. मग दुसऱ्या बाटलीतलं दिलं, मग तिसरीतलं. शेवटी सुनेने सासूला न विचारता जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी औषध बदललं आणि कालवडीच्या नाकातला नमुना तपासायला पाठवला. त्या निकाल घेऊन आल्या तेव्हा कालवड उठेनाशी झाली होती.

"काकू, या जंतूंवर तुमच्या फ्रिजमधलं एकही औषध चालत नाही. मी दिलेलंही चाललं नाही."

"बाटली नकली असेल."

"बाटली चांगली आहे. जंतू निर्ढावलेत."

"अहो, मागच्या खेपेला एका सुईत वासरू उभं राहिलं होतं!"

"एका सुईत लेचेपेचे जंतू मेले. चिवट होते ते राहिले, याच गोठ्यात, याच जनावरांच्या नाकात. दर खेपेला बियाणं निवडावं तसे तुम्ही तेवढेच निवडून ठेवलेत, काकू! आणि बाटलीबरोबर ही सवयही घरोघर वाटलीत."

"मी काय कुणाचं वाईट व्हावं म्हणून केलं?"

"नाही. म्हणूनच तर तुम्हाला कुणी अडवलं नाही."

संध्याकाळी कालवड सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. सुनेने सासूचं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि गोठा धुवायला निघून गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटलं. त्यांनी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

सकाळी समोरचे मेंढीवाले दारात उभे. "वहिनी, मेंढ्या खोकताहेत. ती बाटली द्या जरा."

"नाही भाऊजी. डॉक्टरबाईंना बोलवा. माझ्यामुळे कालवड गेली."

"वा! तुमची गेली म्हणून आमच्याही मरू द्यायच्या का?"

ते तणतणत पलीकडच्या घरात शिरले आणि लगेच बाहेर आले. त्यांच्या हातातल्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा होता! काकू अनवाणी धावल्या. "भाऊजी, नका देऊ ते! थांबा!"

"एक सुई दिली की बस्स," त्यांनी मागे न बघता सांगितलं. "तुम्हीच तर शिकवलंत!"

काकू आता दारोदार फिरून बाटल्या परत मागतात. काही जण देतात. बरेच जण हसतात, म्हणतात, डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केला वाटतं!

मंडळी, जनावराचं असो की माणसाचं, औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, त्यांनी सांगितल्याखेरीज थांबवू नका आणि उरलेलं कुणाला देऊ नका. दिलेली बाटली हातापाया पडून परत आणता येते. तिच्यामुळे निर्ढावलेले जंतू मात्र कुणाच्याही दारात जाऊन परत मागता येत नाहीत.