आभारातलं शेवटचं नाव

“नाना, ‘आय हॅव सीन इट ऑल’ असं म्हणायचं. न अडखळता, सावकाश,” सबाने रिक्षात पुन्हा बजावलं.

“म्हणजे सगळं पाहून झालंय, असंच ना?”

“हो. अनुभवी माणसं म्हणतात. एकदम क्लासी वाटतं.”

“तू शिकव बाई,” नातीला हमीदा म्हणाली, “यांना माईकवर वन-टू-थ्रीच्या पुढं काही येत नाही.”

खरंच होतं ते. कादरभाईंची सारी हयात लोकांच्या कार्यक्रमांना लाउडस्पीकर लावण्यात गेली. पुण्यात माईक हाती आलेला माणूस तो सहजी सोडत नाही, त्यामुळे त्यांनी ऐकलं भरपूर. स्वतः मात्र माईक तपासून बाजूला व्हायचे. आभारात त्यांचं नाव अगदी शेवटी यायचं. तोवर खुर्च्या सरकू लागलेल्या असायच्या, लोक चपला शोधत असायचे. आपलं नाव कधीतरी लोकांनी बसून ऐकावं, एवढी एकच इच्छा राहून गेली होती. ती फक्त हमीदाला माहीत होती.

आज हडपसरच्या त्यांच्या नेहमीच्या वाचनालयाने त्यांचा सत्कार ठेवला होता. चिटणीस दीनानाथांनी त्यांचं नाव खणखणीत पुकारलं, शाल पांघरली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. सबाने मोबाईल वर धरला.

कादरभाई माईकसमोर गेले. बोट आपसूक उठलं आणि माईकवर टकटकलं.

“हॅलो, वन, टू, थ्री...”

सभागृह हसलं. सबाने कपाळाला हात लावला. हमीदा तर तोंडाला पदर लावून हसत सुटली. कादरभाई ओशाळले, मग स्वतःही हसले.

“माफ करा, हाताची सवय. नातीनं इंग्रजी शिकवलंय, आय हॅव सीन इट ऑल. सगळं पाहिलंय म्हणे. खरंच पाहिलंय. तुमची लग्नं पाहिली, पोरांची बारशी पाहिली. सुखदुःखात तुम्ही मला बोलावलंत, जेवल्याशिवाय कधी सोडलं नाहीत. अल्लाची मेहेरबानी! पण सबा, एक राहिलं होतं गं. माईकवाल्याचं नाव एवढी माणसं बसून ऐकतायत, हे मी आज पहिल्यांदा पाहतोय.”

सबाने मोबाईल खाली घेतला आणि नुसतीच आजोबांकडे पाहत राहिली.

“आता आभार,” कादरभाई पुढे म्हणाले. “शेवटी तुम्हाला घाई असते, म्हणून आधीच मानतो. आजचा माईक सूरज लोखंडे यांनी लावलाय. आवाज छान आहे. त्यांच्यासाठी टाळ्या होऊ द्या.”

सगळ्या माना मागे वळल्या. एकही खुर्ची सरकली नाही. दाराजवळ बसलेल्या सूरजला कुठे पाहावं ते कळेना. तो खाली वाकला आणि आवाजाचं बटण, जे आधीच नेमकं जागेवर होतं, ते उगाचच नीट करत राहिला.