आत्याबाईची कुंची

वर्षाराणीचं नाक जन्मापासूनच वर. टेंभुर्णीत जन्मली, जाफराबादेत शिकली, जालन्यात दिली, पण बोलायला लागली की वाटावं, बाई थेट विलायतेतून उतरली. नवरा बियाण्याच्या कंपनीत, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. माहेरी आली की पाण्याचा तांब्या आधी स्वतः विसळून घ्यायची आणि मगच तोंडाला लावायची. आजोबांनी मेंढरं राखली, हे तर तिनं सासरी कुणाला कळूच दिलं नव्हतं. सासरच्यांना सगळं ठाऊक होतं, ती गोष्ट वेगळी.

भाऊ गोरक्षनाथाच्या बायकोला, रेणूला, पुष्कळ वर्षांनी दिवस गेले, आणि माय जयवंताबाईचा फोन आला.

"वर्षे, आत्याची कुंची लागंल. हातची. दुकानातली चालणार न्हाई, सांगून ठेवते."

कुंची म्हणजे बाळाचं डोकं-पाठ झाकणारं टोपरं. ह्यांच्या घरात ती आत्यानंच करायची आणि जिची कुंची तिनंच पाळण्यापाशी बाळाचं नाव ठेवायचं. त्यात आणखी एक मेख होती. बाळाच्या जन्माआधी त्याचं कापड पुरं करायचं नाही, नजर लागते. शेवटचा फेर उघडा ठेवायचा आणि बारशाच्या दिवशी आत्यानं साऱ्या बायांदेखत, पाळण्यापाशी बसून तो भरायचा. मग कुंची बाळाच्या डोक्यावर, मग नाव.

"तुला जमत नसंल तर बोल," जयवंताबाई म्हणाली. "गोजर हाय इथं. ती करंल, नाव बी ती ठिवंल."

गोजरबाई ही चुलत बहीण. गावात राहणारी, शेळ्या पाळणारी, हसली की चार घरं पलीकडं ऐकू जाणारी. ही गोजरी माझ्या भावाच्या लेकराचं नाव ठेवणार? वर्षाराणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी करणार. स्वतः. क्रोशाची करणार," ती म्हणाली. "सगळ्या गावानं तोंडात बोट घातलं पाहिजे."

माय म्हणाली, "तू? तुझ्या हाताला तर शिवणाची सुई बी ठाऊक न्हाई ग."

हे वर्षाराणीला झोंबलं. लहानपणापासून हेच ऐकत आली होती. तोंड चालतं, हात चालत नाही. एकदा तरी मायनं आपल्या हाताचं कौतुक करावं, एवढंच तिला हवं होतं. पण हे ती मेली तरी कबूल करणारी नव्हे.

क्रोशाचा क्लास घ्यायच्या पुष्पाबाई. बदनापूरकडच्या शेतकरी घरातल्या, आता जालन्यात मुलाकडं राहायला आलेल्या. वर्षाराणी पहिल्या दिवशी गॉगल डोक्यावर लावून गेली. तिथं चटईवर बसलेल्या बायका बघून तिनं ओठ मुडपले. काय ह्या बायका! एकीचा डबा उघडा, एकीचं पोर रांगतंय, आणि सगळ्या निवांत साखळ्या घालत बसल्यात.

"खुर्ची नाही का?" तिनं विचारलं.

"आहे की," पुष्पाबाई म्हणाल्या, "पण तिच्यावर मांजर निजलंय."

साखळी म्हणजे क्रोशाचा ओनामा. वर्षाराणीनं घातली ती इतकी आवळून की सुई आत शिरेना. पुष्पाबाईंनी हातात घेतली, बघितली आणि म्हणाल्या, "उसवा."

दुसऱ्या दिवशी तेच, "उसवा." तिसऱ्या दिवशीही तेच. उसवायचं? मी? कॉलेजात कुणी मला खोडून पुन्हा लिही म्हणालं नाही, आणि ही चटईवरची बाई मला उसवा म्हणते! वर्षाराणीनं सुई खाली ठेवली ती ठेवलीच.

"हे रिकामटेकड्यांचं काम आहे," ती म्हणाली. "पुष्पाबाई, तुम्हीच करून द्या. पैसे सांगा आणि कुणाला बोलू नका."

पुष्पाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. असल्या आत्या त्यांनी कमी बघितल्या नव्हत्या. "दोरा तुम्ही आणा मग," एवढंच बोलल्या. बाई काय उचलून आणेल ह्याचा भरवसा नव्हता, म्हणून दुकानात स्वतःही सोबत गेल्या.

दुकानदारानं सुती दोरा काढला. मऊ, फिक्कट पिवळा, हळद धुतल्यावर राहते तसा. पुष्पाबाईंनी तो गालाला लावून बघितला. "हाच घ्या. उन्हाळ्याचं बाळ आहे, घाम टिपतो."

"ह्याच्या वाती वळतात लोक," वर्षाराणी म्हणाली आणि काचेच्या कपाटाकडं बोट केलं. "तो दाखवा."

तो होता चकाकता, रेशमी, मोतिया रंगाचा. डोळ्यांत भरायचा आणि हातातून निसटायचा.

"हा गुळगुळीत आहे ताई. टाका धरत नाही. सुई सुटली की सरसर उसवत जातो. बाळाला गरमही होईल."

"आमचं बाळ आहे, घाम आला तर पंखा लावू," वर्षाराणी म्हणाली. दुकानदार हसला. पुष्पाबाई हसल्या नाहीत.

कुंची मात्र देखणी होऊ लागली. वर्षाराणी अधूनमधून जायची, ती मांडीवर घ्यायची, सुई हातात धरायची, नेलपॉलिशवाली बोटं नीट दिसतील असा फोटो काढायची आणि भावाच्या मोबाईलवर धाडायची. तिकडं टेंभुर्णीत जयवंताबाई तो मोबाईल घेऊन घरोघर हिंडायची. पिठाच्या गिरणीवर, पाण्याच्या टाकीपाशी, जी भेटेल तिला दाखवायची. "माझी वर्षी करून राह्यली. म्या उगंच बोलले पोरीला." गोरक्षनाथानं हे फोनवर सांगितलं, तेव्हा वर्षाराणीनं त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग काम आहे म्हणून फोन ठेवला.

मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला. वर्षाराणी कुंची न्यायला गेली, तेव्हा पुष्पाबाईंनी ती सुईसकट पिशवीत घातली. उघडा फेर, सुईवर एक टाका, बाजूला दोऱ्याचा गोळा.

"बसा जरा. शेवटचे टाके दाखवते. थोडंच काम आहे, पण हाताला सवय हवी."

"चार टाके तर आहेत! त्यात काय शिकायचं? गाठ मारायची आणि दोरा ओढायचा."

"ओढायचा नाही हो..."

पण वर्षाराणी जिना उतरूनही गेली होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खालचं कुठं ऐकू येतं?

बारशाला घर बायकांनी गच्च भरलं होतं. गोजरबाई पाळण्याला फुगे बांधत होती. आत्याबाई गाडीतून उतरली, आणि जयवंताबाईनं चक्क पुढं होऊन तिचा हात धरला. असा हात मायनं कधी धरला होता, हे वर्षाराणीला आठवेना.

"या ग समद्या! बघा माझ्या लेकीचं काम!"

कुंची पिशवीतून निघाली आणि बायका पुढं सरकल्या. अगं बया, काय चकाकतंय! हातानं केलं? मशीनवर न्हाई? म्हाताऱ्या बायांनी झालरीवरून बोटं फिरवली. गोजरबाईसुद्धा म्हणाली, "न्हाई बुवा, मानलं तुला वर्षे." वर्षाराणीनं मान किंचित तिरकी केली. ह्या खेडवळांना काय कळतंय, असं मनात म्हणाली खरी, पण आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

"भर आता टाका," जयवंताबाई म्हणाली. बाळ मांडीवर घेऊन ती पाळण्याशी बसली. "लेकरू झोपाया आलंय."

वर्षाराणीनं सुई हातात घेतली. फोटोत धरायची तश्शीच धरली. पुढं काय करायचं ते तिला कळेना. सुई इकडून खुपसली, तिकडून काढली. बायका बघत होत्या. सुई निसटली आणि खाली पडली. टाका मोकळा झाला, तोंड उघडून बसला. गाठ बसेल म्हणून वर्षाराणीनं दोरा ओढला.

दोरा आला. सहज आला, लोण्यातून सुरी निघावी तसा. झालरीचा एक कोपरा गेला. ती घाबरली आणि आवळायला म्हणून आणखी ओढलं, तर सर्रकन आख्खा फेर गेला. "धर, धर!" कुणीतरी ओरडलं. ती धरायला गेली, दोरा बांगडीत अडकला, हात झटकला, आणखी एक फेर. तिच्या मांडीवर मोतिया दोऱ्याचा कुरळा ढीग साचत चालला आणि कुंची उसवत वर वर सरकत चालली.

गोजरबाईनं पदर तोंडात कोंबला. उपयोग झाला नाही, हसू चार घरं पलीकडं गेलंच. मग बाकीच्याही हसल्या. रेणूनं तेवढी मान खाली घातली.

जयवंताबाई हसली नाही. गिरणीवर, टाकीपाशी, घरोघर दाखवलेले ते फोटो तिच्या डोळ्यांपुढून गेले असतील. तिनं लेकीच्या बोटांकडं बघितलं, मग पडलेल्या सुईकडं. बाळाला घेऊन उठली, आपल्या जुन्या लुगड्याचा धुऊन मऊ झालेला तुकडा फळीवरून काढला आणि बाळाच्या डोक्याला गुंडाळला. बाळानं जांभई दिली.

"गोजरे, ये," कुणीतरी म्हणालं.

"ऱ्हाऊ द्या," जयवंताबाई म्हणाली. "नाव वर्षीच ठिवंल. ते नुसतं तोंडाचं काम हाय. तेवढं तिला जमतं."

वर्षाराणी पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात तिनं नाव सांगितलं. जे मिळवायला एवढा खटाटोप केला ते मिळालं, आणि भिकेत मिळालं. बायकांनी पाठीत धपाटे घातले, पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. तिच्याशी सगळ्या नीट बोलल्या. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी ती गाडीत बसली, तेव्हा जयवंताबाई खिडकीपाशी आली. दुपारभर बसून तिनं तो सगळा दोरा गुंडाळला होता. गोळा, उरलेलं टोपरं आणि सुई तिनं लेकीच्या मांडीवर ठेवली.

"ज्या बाईनं केल्ती तिला नेऊन दे," ती म्हणाली. "म्हणावं, माझ्या मायनं सांगितलंय, तुमचा हात लई गोड हाय."