समोरच्या काठावरून

मायक्रोफोनच्या स्पंजी टोपीत रात्रभर मुरलेलं दव ती पिळून काढत होती, तेवढ्यात हाक आली.

"उठलीस का गं?"

बाईचा आवाज. ना चढा, ना घाईचा. शेजारच्या खोलीतून कुणी सहज विचारावं तसा. तिने टोपी पुन्हा चढवली, ओले हात पँटला पुसले आणि धुक्याकडे पाहिलं. तळं दिसत नव्हतं, समोरचा काठ तर नाहीच. तो एरवीही इतका लांब होता, की भर उन्हात तिथली घरं काड्यापेट्यांएवढी दिसत. तिथे कुणी गळा फाडून ओरडलं तरी दुपारी इकडे ऐकू येणं शक्य नव्हतं.

पहाटेची गोष्ट वेगळी होती, आणि तिची पीएच.डी. नेमकी त्या वेगळेपणावरच चालली होती. वसंतात आणि शरदात आभाळ निरभ्र असलं, की पहाटे पाण्यालगतची हवा गार पडते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. एरवी वर निसटून जाणारा आवाज त्या झाकणाखाली वाकतो आणि पाण्यावरून घसरत थेट पलीकडे पोचतो. उन्हाळ्यात ऊन लवकर चढून झाकण उडवून देतं. हिवाळ्यात वारा ते बसूच देत नाही. म्हणजे वर्षातले दोनच ऋतू कामाचे. "दोन ऋतू नोकरी, बाकी पगारी सुट्टी," असं तिचा थोरला भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, आणि घरात तिचं नाव त्याने ढगूबाई पाडलं होतं. दोन ऋतूंचं काम चुकलं तर वर्ष हातचं जातं, हे त्याला कुणी सांगावं.

तिच्या बाजूच्या काठावरची एकुलती एक खोली पाणीपुरवठा खात्याची होती. पूर्वी तिथे शहराचं पाणी तपासत. आता आत फरशीचा एक ओटा, गंजलेला नळ आणि विद्यापीठाची यंत्रं एवढंच होतं. बाहेर पाण्याकडे तोंड केलेला लाकडी बाक होता, आणि त्याच्या बाजूला उंच खांब, खालपासून वरपर्यंत तापमापकं बांधलेला. पहाटे ती बाकावर बसून समोरच्या काठावरचे आवाज टिपायची. फाटकाची बिजागरी कुरकुरायची. नळाखाली बादली भरायची. कुणाला तरी कोरडा खोकला यायचा. आणि मग ती हाक.

हाक तिच्या आवडीची झाली होती. समोर कुणी आई असेल, आणि अंथरुणात लोळणारी तिची पोरगी असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. गेल्या शरदात एकदा तर तिने हसत हसत इथूनच उत्तर दिलं होतं, "उठले बाई, उठले." त्यानंतर अख्ख्या मोसमात हाक आली नाही. समोरची बाई लाजली असावी असं तिला वाटलं. वसंतात हाक पुन्हा सुरू झाली, तेव्हा ती शहाण्यासारखी गप्प राहिली.

अडलं ते तिच्या मार्गदर्शक सरांपाशी. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तिचे आलेख बराच वेळ पाहिले. फाटक, बादली, खोकला, सगळं तापमापकांच्या तालावर चालत होतं. झाकण बसलं की आवाज येत, उडालं की बंद. ही हाक मात्र वाऱ्याच्या सकाळीही आली होती. बाकी काहीच ऐकू येत नव्हतं, तेव्हासुद्धा.

"एक तर तुझी तापमापकं खोटं बोलतायत," सर म्हणाले, "नाहीतर ही बाई समोर नाही."

आवाजाचं ठिकाण पक्कं झाल्याशिवाय सर प्रबंधाचं हे प्रकरण स्वीकारणार नव्हते, आणि मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली होती. जा, घर शोध, बाईशी बोल, असं सांगून त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला.

तळ्याला वळसा घालून बस पलीकडे पोचली, तेव्हा दुपार झाली होती. काठालगतची गल्ली तिने आयुष्यात पाहिलेली नव्हती, तरी घर शोधायला विचारावं लागलं नाही. तिसऱ्या की चौथ्या घराचं फाटक एक माणूस ढकलून आत गेला आणि ते आवाज न करता नुसतंच हललं. पुढचं फाटक तिने स्वतः ढकललं. ते कुरकुरलं, पहाटे बाकावर ऐकू यायचं तसंच. अंगणात नळ होता. नळाखाली बादली होती. आतून कोरडा खोकला ऐकू आला.

दार उघडलं ते उंच, ताठ, पांढऱ्या केसांच्या बाईंनी. फाटकाच्या खांबावर जिथे पाटी होती तिथे चार भोकं उरली होती.

"दवाखाना बंद केला मी," बाई म्हणाल्या. "दात दुखत असेल तर बसथांब्याजवळ एक जण आहे. हात हलका आहे त्याचा."

"दाताचं नाही, डॉक्टर. मी समोरच्या काठावरून आलेय."

बाईंचा हात कडीवरच राहिला.

"पुन्हा बोल."

"मी समोरच्या—"

"हं. शिंकणारी तूच."

त्यांनी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा टाकला. बोलता बोलता कळलं, की डॉक्टरबाईंना तिचं बरंच काही ठाऊक होतं. तिच्या ओळीने येणाऱ्या शिंका, वायरींना घातलेल्या शिव्या, मुदतवाढीसाठी आईपाशी फोनवर केलेली रड. तिचे कान तापले. आवाज तिकडून इकडे येतो तसा इकडून तिकडेही जातो, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगता आलं असतं; तिला ते इतके दिवस सुचलंच नव्हतं. मग तिने खांब, तापमापकं, झाकण, सगळं समजावून सांगितलं. बाईंनी ते एक्स-रे पाहावा तसं मान किंचित कलती करून ऐकलं. शेवटी तिने विचारलं, की सकाळी तुम्ही हाक मारता ती कुणाला, मुलगी इथेच असते का.

चहा गाळता गाळता बाई थांबल्या.

"मी हाक मारत नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी मी तोंडच उघडत नाही. आपण बोललो की ऐकू येत नाही."

ओट्यावरची खिडकी तळ्याकडे उघडत होती. खिडकीकडे पाठ करून बाईंनी जे सांगितलं ते थोडंच होतं. त्यांची मुलगी पाणीपुरवठा खात्यात होती, त्याच खोलीत पाणी तपासायची. कामाच्या दिवसांत मुक्कामही तिथेच. अशा निवांत सकाळी ती बाकावर बसून आईला विचारायची, उठलीस का गं. आई इथून ओरडायची, उठले. मग ती आत जाऊन कामाला लागायची. एका शरदात धुकं फार होतं. नमुने घ्यायला ती होडी घेऊन गेली. होडी तेवढी पाणगवतात सापडली.

"आणि पुढच्या वसंतात हाक आली," बाई म्हणाल्या. "मी धावले, खिडकीतून ओरडले, उठले, उठले. झालं. त्या मोसमात पुन्हा नाही आली. तिचं असंच होतं. उत्तर मिळालं की काम संपलं."

"म्हणून तुम्ही..."

"म्हणून मी उठून बसते आणि गप्प राहते. तिला वाटू दे आई झोपलीय."

चहावर साय धरली.

"गेल्या शरदात उत्तर तू दिलंस," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "हसत होतीस."

तिने कप खाली ठेवला. मला माहीत नव्हतं, असं काहीसं ती पुटपुटली. कसं असेल, असं म्हणत बाईंनी साय चमच्याने बाजूला केली.

"आयुष्यभर मी लोकांच्या तोंडात उजेड पाडून बघितलंय. भुताखेतांवर माझा विश्वास नाही," त्या म्हणाल्या. "तू यातली शिकलेली आहेस. काय असेल ते तू सांग."

तिने सांगायला तोंड उघडलं. तिच्यापाशी एकच वाक्य होतं: आवाज जिथून निघतो तिथेच कुणीतरी असतं. ते तिने गिळलं आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

निघताना बाईंनीच कामाचं विचारलं. प्रबंधाला ठरलेला, ओळखीचा आवाज हवा ना? मग दवाखान्यातला स्टीलचा ट्रे आहे, तो वाजवीन. एकदाच, खणखणीत. बोलणार मात्र नाही.

सरांना तिने एवढंच सांगितलं, की जाऊन आले, हाकेचं ठिकाण समोर नाही. मग कुठे, असं त्यांनी विचारलं. सरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, थोडा वेळ चष्मा पुसला, आणि हाक वगळ म्हणाले. ट्रेवर प्रकरण उभं राहील.

पुढची निरभ्र पहाट उजाडली तेव्हा धुकं बाकाच्या पायांपर्यंत आलेलं होतं. यंत्रं लावून ती बाकाच्या मधोमध बसली. ठरल्या वेळी ट्रे वाजला. इतका स्वच्छ, की काठ हात लांबवला तर लागेल असं वाटावं. आत यंत्राने तो बिनचूक टिपला असणार. ती उठून बघायला गेली नाही.

ट्रे म्हणजेही उत्तरच, असं कुणाला वाटलं तर? हे आपण त्या दिवशी बोललोच नाही, हे तिला आत्ता उमगलं. समोरच्या बाईंनाही तेव्हाच उमगलं असावं, कारण तिकडून ना बादली वाजली, ना फाटक. खोकलासुद्धा कुणीतरी दाबून धरला होता. दोन्ही काठ कान देऊन बसले होते. खांबावरच्या तारेतून थेंब गळत होते तेवढेच.

"उठलीस का गं?"

पाण्यावरून नाही. डावीकडून, अगदी लगतून, आणि बसल्या माणसाच्या उंचीवरून.

तिने मान वळवली नाही. ओठ घट्ट मिटून ती धुक्याकडे बघत राहिली. मग मांडीवरची पिशवी तिने उचलून जमिनीवर ठेवली आणि बाकाच्या उजव्या कडेला सरकून बसली.